नवरीचा झगा हिरवा होता: कलेचा इतिहास फुकटात शिकवणाऱ्या साइट्स, वापरून पाहिलेल्या

"बाई, पण हिचा झगा तर हिरवा आहे!"

गेल्या जूनमध्ये शाळा सुटल्यावर नववीतल्या एका मुलीने दादाचा मोबाईल माझ्यासमोर धरला आणि माझं चोवीस वर्षांचं शिकवणं तिथल्या तिथे उघडं पडलं. यान व्हॅन आइक या जुन्या युरोपीय चित्रकाराचं १४३४ सालचं ते जोडप्याचं चित्र. मी दरवर्षी सांगत आले होते की हे लग्नाचं चित्र आहे, नवरीने तांबडा झगा घातलाय आणि ती गरोदर आहे. तांबडा कुठून आला? माझ्या डोक्यातून. एटीडीला, म्हणजे चित्रकला शिक्षकाच्या पदविकेला, असताना आम्हाला कलेचा इतिहास होता, म्हणजे सर एका पिवळ्या पडलेल्या वहीतून सांगायचे आणि आम्ही ते नव्या वहीत उतरवून घ्यायचो. चित्रं म्हणून एका जाड परदेशी पुस्तकाच्या झेरॉक्सची झेरॉक्स. त्यात नवरी करड्या रंगाची दिसायची. लग्नात कोण करडं नेसतं, तांबडंच असणार, असं मी ठरवून टाकलं आणि वर्गामागून वर्ग ते पुढे ढकललं.

त्या दिवशी घरी आल्यावर ठरवलं, हा विषय पहिल्यापासून शिकायचा. पुस्तकं घ्यायची ऐपत नाही असं नाही, पण एकेक चित्रांचं पुस्तक दोन-तीन हजारांच्या खाली येत नाही आणि बार्शीत ते चाळून बघायलाही मिळत नाही. म्हणून पैसे न देता जे मिळेल ते. हाताशी लेकीचा जुना लॅपटॉप, माझा फोन आणि दिवसाला दीड जीबीचा पॅक. इंग्रजी मला वाचायला जमतं, ऐकायला जड जातं. एवढ्या भांडवलावर आठ-नऊ महिने जे वापरलं, त्याचं हे परीक्षण. श्रेणी आमच्या चित्रकलेच्या ग्रेड परीक्षेसारख्याच देते: अ, ब, क आणि नापास.

सुरुवात स्मार्टहिस्टरीपासून, कारण ज्याला एकच साइट उघडायची आहे त्याने हीच उघडावी. बेथ हॅरिस आणि स्टीव्हन झकर या दोन कलेतिहासकारांनी २००५ मध्ये ती सुरू केली. मध्ये काही वर्षं ती खान अकॅडमी या मोफत शिकवणीच्या साइटबरोबर होती, २०१५ पासून पुन्हा स्वतंत्र आहे. नोंदणी नाही, जाहिराती नाहीत, कुठे कार्डाचा नंबर मागत नाहीत. व्हिडिओ साधारण पाच ते दहा मिनिटांचे. त्यांची पद्धत मला फार आवडली. दोघंजण एखाद्या चित्रापुढे उभे राहून गप्पा मारतात. त्यांचे चेहरे दिसत नाहीत, दिसतं ते फक्त चित्र. मागे संग्रहालयातल्या लोकांची कुजबुज आणि बुटांचे आवाज येत राहतात. एक म्हणतो, मला इथे हे दिसतंय. दुसरी म्हणते, हो, पण त्या कोपऱ्यात बघ. मैत्रिणीबरोबर प्रदर्शन बघायला गेल्यासारखं वाटतं. आमचे सर सांगायचे आणि आम्ही लिहायचो. इथे तुम्हाला आधी बघायला लावतात, नाव-गाव-सालाचं नंतर.

व्हॅन आइकच्या चित्रावरचा व्हिडिओ मी पाच वेळा पाहिला असेन. वेग पाऊण पट केला आणि खाली इंग्रजी अक्षरं लावली की सगळं समजतं. तिचा झगा हिरवा. ती गरोदर असेलच असं नाही. त्या काळी एवढं कापड अंगावर घेणं हीच श्रीमंती होती, आणि तो घोळ तिने पोटाशी उचलून धरलाय. खिडकीपाशी संत्री ठेवलीत, तीही त्या थंड देशात चैनच. झुंबरात एकच मेणबत्ती जळतेय. मागच्या भिंतीवर बहिर्गोल आरसा, त्याच्या वर चित्रकाराने लॅटिनमध्ये लिहिलंय की यान व्हॅन आइक इथे होता, १४३४. आणि लग्नाचं म्हणाल तर तेही पक्कं नाही. एर्विन पानोफ्स्की या मोठ्या अभ्यासकाने १९३४ मध्ये हे चित्र म्हणजे लग्नाचा जणू दस्तऐवजच आहे असं मांडलं होतं, नंतरच्या अभ्यासकांनी त्यावर बरेच प्रश्न उभे केले. माझ्या वहीत मात्र प्रश्न नव्हता, फक्त उत्तर होतं.

तिथून मी लंडनच्या नॅशनल गॅलरीच्या साइटवर गेले, कारण चित्र तिथे आहे. संग्रहालयाच्या पानावर चित्राखाली एक रूक्ष ओळ असते: कुणाचं, कधीचं, कशावर, कशाने, किती मोठं. त्या ओळीने मला हलवून सोडलं. ८२.२ बाय ६० सेंटिमीटर! चित्रकलावाल्यांना हे लगेच कळेल. आपला फुल इंपिरियल कागद २२ बाय ३० इंचांचा, म्हणजे ५६ बाय ७६ सेंटिमीटर. हे जगप्रसिद्ध चित्र आपल्या ड्रॉइंग बोर्डावर लावतो त्या कागदापेक्षा जेमतेम मोठं. मला ते भिंतभर वाटायचं. झेरॉक्समध्ये सगळीच चित्रं एका मापाची असतात, आठ-नऊ सेंटिमीटरची.

तेव्हापासून माझी एकच कसोटी आहे. साइट कितीही देखणी असो, चित्राखाली माप, माध्यम आणि संग्रहालयाचा नोंदणी क्रमांक नसेल तर मी ती शिकायला वापरत नाही. यात चित्रं गोळा करून लावायच्या सगळ्या लोकप्रिय ॲपची विकेट पडते. तिथे रविवर्म्याच्या नावाखाली काय काय फिरतंय! हल्ली तर यंत्राने बनवलेल्या बायका, सहा बोटांच्या, खाली बिनदिक्कत 'राजा रविवर्मा'. नापास.

मापाचं खूळ डोक्यात बसल्यावर पुढची पाळी रेम्ब्रांटच्या 'नाइट वॉच'ची, कॅप्टन आणि त्याच्या शहर-रक्षक तुकडीच्या १६४२ सालच्या चित्राची. ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमची साइट फुकट आहे, इंग्रजीत आहे, आणि चांगल्या प्रतीची चित्रं उतरवून घेता येतात. पण खरी करामत वेगळीच. २०२२ च्या जानेवारीत त्यांनी या एकाच चित्राचं ७१७ अब्ज पिक्सेलचं छायाचित्र सगळ्यांसाठी खुलं केलं. दोन पिक्सेलमधलं अंतर ५ मायक्रोमीटर, माणसाच्या केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी कमी. फोनवर दोन बोटांनी ताणत जा, ताणत जा, चित्र फुटतच नाही. कॅप्टनच्या बाजूला उजेडात उभी असलेली ती लहान मुलगी, तिच्या कमरेला लटकणारी कोंबडी, कोंबडीचे पाय, मग पायावरचा रंग, मग रंगाला गेलेले तडे. रात्री साडेदहाला 'पाच मिनिटं बघते' म्हणून बसले आणि आमचे हे पाणी प्यायला उठले तेव्हा सव्वा वाजला होता. "काय बघतेस?" "कोंबडीचे पाय." ते काही न बोलता जाऊन झोपले.

आणि हो, ते रात्रीचं चित्र नाहीच. वर चढलेलं व्हार्निश काळवंडल्यामुळे लोक त्याला रात्र म्हणू लागले. झेरॉक्सने तर पार मध्यरात्र केली होती, आणि मी ती अंधारी रात्र छायाप्रकाशाचं उदाहरण म्हणून शिकवत होते. शिवाय १७१५ मध्ये ते टाउन हॉलमध्ये हलवताना भिंतीवर मावेना म्हणून चारही बाजूंनी कापलं. कापून उरलेलं चित्र साडेतीन मीटरहून उंच आणि साडेचार मीटर रुंद. हे सांगून मुलांना कळेना, म्हणून पीटीच्या सरांकडून फक्की मागितली आणि मैदानावर १५ बाय साडेबारा फुटांचा आयत आखला. आत एका कोपऱ्यात एक इंपिरियल कागद ठेवला. म्हटलं, हा व्हॅन आइक आणि हा रेम्ब्रांट. मुलं आयतात उभी राहिली, कॅप्टन कोण, कुत्रं कोण, यावरून भांडली. हेडमास्तरांनी खिडकीतून विचारलं, खो-खोचं मैदान असं का आखलंय म्हणून. माझ्या नोकरीतला कलेच्या इतिहासाचा सगळ्यात चांगला तास तो. खर्च: अर्धा डबा फक्की. राइक्सम्युझियमला अ श्रेणी.

न्यूयॉर्कच्या मेट संग्रहालयाबद्दल थोडक्यात सांगते, कारण ते सगळ्यांना माहीत असतं. २०१७ च्या फेब्रुवारीत त्यांनी पावणेचार लाख चित्रं पूर्ण मोकळी केली. मोकळी म्हणजे उतरवा, छापा, वर्गात लावा, कॅलेंडर करून विका, कुणी विचारणार नाही. त्यांच्याकडचे काळ आणि प्रदेशानुसार लावलेले छोटे निबंध परीक्षेची तयारी करणाऱ्यांना सोन्यासारखे आहेत. नेट-सेटच्या दृश्यकला पेपरला बसणाऱ्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला मी तेवढंच सांगितलं, की गाइडं बाजूला ठेव आणि रोज एक निबंध वाच. त्यांची छपाई संपलेली शेकडो पुस्तकंही पीडीएफमध्ये फुकट आहेत. लॉस एंजेलिसच्या गेटी संग्रहालयानेही २०१४ पासून आपली जुनी पुस्तकं अशीच खुली केली आहेत. एकेक पीडीएफ मात्र भलतीच जड असते. आमच्या दीड जीबीत एक पुस्तक आलं की त्या दिवशी व्हॉट्सॲपसुद्धा बंद. शाळेचं वायफाय ज्या दिवशी चालू असेल त्या दिवशी ही कामं उरकावीत.

क्लीव्हलंडच्या संग्रहालयाचं नाव फारसं कुणी घेत नाही. तिथे अकबराच्या सुरुवातीच्या काळातली, १५६० च्या आसपासची 'तुतीनामा'ची सचित्र पोथी आहे आणि तिची पानं बघता येतात, उतरवता येतात. पोपट रोज रात्री नवी गोष्ट सांगून बाईला घराबाहेर पडू देत नाही, ती गोष्ट. अहो, ही तर आपली शुकबहात्तरी! आजीकडून ऐकलेली गोष्ट अकबराच्या चित्रकारांनी रंगवलेली बघताना काय वाटलं हे मला नीट सांगता येणार नाही. मिनिएचर, म्हणजे लघुचित्र, म्हटलं की जहांगीर-शहाजहान, गुळगुळीत आणि नाजूक, असं मी समजत होते. इथले पोपट चांगले धिटुकले आहेत, झाडं गच्च आहेत, रंग ओरडतात.

जहांगिराचं म्हणाल तर वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात बिचित्र नावाच्या चित्रकाराचं एक चित्र आहे. जहांगीर वाळूच्या घड्याळावर बसलाय आणि राजेरजवाडे सोडून एका सूफी शेखाला पुस्तक देतोय. बाजूला पडलेल्यांत इंग्लंडचा राजा जेम्स आहे, इंग्रजी चित्रावरून उतरवलेला. आणि सगळ्यात खाली डाव्या कोपऱ्यात खुद्द बिचित्र, हातात एक छोटं चित्र धरून. मोठं करून बघा, त्या छोट्या चित्रात पुन्हा एक माणूस वाकून मुजरा करतोय. हे मला झेरॉक्समध्ये या जन्मात दिसलं नसतं. यावरही स्मार्टहिस्टरीवर चांगलं लिहिलेलं आहे. अमेरिकेतल्या शाळकरी मुलांसाठी जी अडीचशे कलाकृतींची यादी आहे तिच्यात हे चित्र येतं. त्या यादीत सांचीचा स्तूप आहे, ताजमहाल आहे, पण अजिंठा-वेरूळ नाही. जगाच्या कलेचा इतिहास अडीचशेत बसवायला घेतला की असं होणारच, तरी मला राग आलाच. अजिंठ्यावर स्मार्टहिस्टरीकडे वेगळा लेख आहे, तेवढ्यावर समाधान.

गुगल आर्ट्स अँड कल्चर. २०११ मध्ये सतरा संग्रहालयांपासून सुरुवात झाली, आता मोजदाद नाही. मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयही आहे त्यात. फिरायला मजा येते, चित्रांजवळ भरपूर जाता येतं. पण ती जत्रा आहे. पाळण्यात बसलं की बांगड्यांचं दुकान दिसतं, बांगड्यांपाशी गेलं की कुणीतरी पिपाणी वाजवतं. तासाभराने बाहेर पडल्यावर काय शिकलो ते सांगता येत नाही. मुलांना गोडी लावायला उत्तम, अभ्यासाला ब श्रेणी.

आता एक ठेच. एका परदेशी कोर्सच्या साइटवर 'आधुनिक कला, मोफत' असं वाचून मी नाव घातलं. पहिले दोन धडे छान झाले. तिसऱ्याच्या आधी कार्ड मागितलं, सात दिवस फुकट म्हणाले, मी भाबडेपणाने दिलं. आठव्या दिवशी खात्यातून पैसे गेले. ते परत मिळवायला लेकीने तीन ईमेल लिहिले, तेव्हा कुठे सतरा दिवसांनी आले. तिने मला ऐकवलं, "आई, फुकट असेल तर ते कार्ड कशाला मागतील?" बरोबर आहे. आपल्याकडच्या स्वयम् या सरकारी शिक्षण पोर्टलवर तरी सरळ व्यवहार आहे: व्याख्यानं फुकट, परीक्षा द्यायची असेल तर तेवढी फी. आणि व्याख्यानंच ऐकायची तर येल विद्यापीठाचा रोमन वास्तुकलेवरचा डायना क्लायनर यांचा २००९ चा अख्खा वर्ग खुला आहे. लांब आहे, खडू-फळ्याच्या जमान्यातला वाटतो, पण बाई तयारीच्या. इस्त्रीचे कपडे समोर ठेवून मी तो ऐकते. पॉम्पेई आणि इस्त्री यांचा माझ्या डोक्यात आता कायमचा संबंध जुळलाय.

हे सगळं परदेशातलं झालं. आपल्याकडचं काय, हे विचारायला मला चार महिने लागले, याची थोडी लाज वाटते.

बंगळूरच्या मॅप (म्युझियम ऑफ आर्ट अँड फोटोग्राफी) संग्रहालयाने मॅप अकॅडमी नावाने भारतीय कलेचा ऑनलाइन ज्ञानकोश चालवलाय. नोंदी छोट्या, सोप्या इंग्रजीत, आणि त्यात कापड, छायाचित्रण, हस्तकला असं आमच्या अभ्यासक्रमाने कधीच 'कला' न मानलेलंही येतं. मोफत कोर्सही आहेत, आणि ते खरोखर मोफत निघाले. कापडाच्या नोंदी वाचताना माझ्या लग्नातल्या पैठणीकडे पहिल्यांदा शिक्षिकेच्या नजरेने बघितलं. अ श्रेणी, निःसंशय.

एनसीईआरटीचं अकरावीच्या चित्रकलेचं पुस्तक इंग्रजीत आणि हिंदीत फुकट उतरवता येतं. आमच्या मुलांना हिंदी चालतं. प्रागैतिहासिक गुहाचित्रांपासून मंदिरशिल्पापर्यंत नीट क्रमाने आहे. छपाईत चित्रं मार खातात, म्हणून मी मजकूर तिथला आणि चित्रं संग्रहालयांच्या साइटवरची अशी जोडणी करते.

सरकारी पोर्टलांत दोन बघण्यासारखी आहेत. एक इंडियन कल्चर, २०१९ मध्ये आलेलं, आयआयटी मुंबईने बांधलेलं. दुसरं म्युझियम्स ऑफ इंडिया, ज्याच्या मागची 'जतन' ही प्रणाली पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेने तयार केली. त्यात दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयापासून मुंबईच्या एनजीएमए या आधुनिक कलेच्या राष्ट्रीय संग्रहालयापर्यंत दहा संग्रहालयांचा माल एका जागी शोधता येतो, आणि माप-क्रमांकाची ती रूक्ष ओळ तिथे आहे, म्हणून माझा जीव भांड्यात पडला. फक्त शोधताना स्पेलिंगची गंमत होते. एकाच देवाची चार स्पेलिंगं घालून बघावी लागतात. क्रमांक, माप, सगळं शिस्तीत, आणि 'विष्णू' मात्र लपून बसलेला. ब अधिक.

आधुनिक भारतीय कलेसाठी हाँगकाँगला जावं लागलं, म्हणजे तिथल्या एशिया आर्ट अर्काइव्हकडे. बडोद्याच्या कलाशाळेतल्या मंडळींचे, ज्योती भट्ट, के. जी. सुब्रमण्यन, गुलाममोहम्मद शेख यांचे कागदपत्र आणि फोटो त्यांनी स्कॅन करून ठेवलेत. दक्षिण आशियातल्या कलालेखनाची एक मोठी सूचीही आहे, त्यात मराठी लेखनसुद्धा आहे. मराठी लेखांचा पत्ता हाँगकाँगहून मिळतो! आणि असा कुठला लेख जेस्टॉर या संशोधन-लेखांच्या साइटवर निघाला तर तिथे साधं खातं उघडून महिन्याला शंभर लेख वाचता येतात. उतरवून घेता येत नाहीत, म्हणून मी वहीत टिपणं काढते. सरांची आठवण येते.

पण ज्या साइटने मला खरोखर रडवलं ती इंटरनेट अर्काइव्ह, म्हणजे जुन्या पुस्तकांचं फुकटचं ऑनलाइन ग्रंथालय. तिथे जॉन ग्रिफिथ्सचे अजिंठ्यावरचे दोन मोठे खंड आहेत, १८९६-९७ चे. ग्रिफिथ्स मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकवायचे. १८७२ पासून पुढे तेरा वर्षांच्या काळात ते विद्यार्थ्यांना घेऊन पुन्हा पुन्हा अजिंठ्याला गेले आणि भिंतीवरच्या चित्रांच्या नकला करवून घेतल्या. आपल्या पेस्तनजी बोमनजींचे हात त्यात लागलेत. त्यांच्या आधी रॉबर्ट गिल या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने १८४४ पासून हेच केलं होतं. गिलच्या बहुतेक नकला १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये जळाल्या. म्हणून ग्रिफिथ्सची पोरं पुन्हा गुहेत बसली. मग त्यांच्याही बऱ्याच नकला लंडनमध्येच, १८८५ च्या आगीत गेल्या. वाचलेल्या आज व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत आणि त्यांच्या साइटवर बघता येतात. मी रात्री एका टॅबमध्ये पुस्तकातली रंगीत प्लेट आणि दुसऱ्यात ती नकल उघडून ठेवते. दीडशे वर्षांपूर्वी कंदिलाच्या उजेडात किंवा आरशाने आत फेकलेल्या उन्हात, दमट गुहेत एखादा मुलगा बोट दुखेपर्यंत एका राजकन्येची भुवई उतरवत बसला असेल, असं मनात येतं. माझी मुलं स्मरणचित्र वीस मिनिटांत संपवून "बाई, झालं" म्हणतात.

सावधगिरीचा इशारा एवढाच की अर्काइव्हवर एकाच पुस्तकाच्या चार-चार प्रती असतात. काहींचे स्कॅन निव्वळ काळे-पांढरे, त्यात रंगीत प्लेटी म्हणजे काळे डाग. घाईत पहिली प्रत उतरवली आणि स्क्रीनवर माझी जुनी झेरॉक्स समोर उभी! मागे जाऊन दुसरी प्रत शोधावी. मजकुरापेक्षा आधी एक रंगीत पान उघडून बघावं.

मराठीत काय आहे? व्हिडिओ म्हणाल तर शिकवण्याजोगं मला फारसं सापडलं नाही. चित्र 'कसं काढायचं' याचे ढीग आहेत, 'कसं बघायचं' याचे नाहीत. पण मराठी विश्वकोश आहे. वाईहून निघालेले वीस खंड आज सगळे फुकट वाचता येतात, आणि कलेच्या नोंदी जुन्या असल्या तरी भक्कम आहेत. मुख्य म्हणजे तिथे आपले शब्द मिळतात. पर्स्पेक्टिव्हला यथादर्शन, फ्रेस्कोला भित्तिलेपचित्रण. आणि ओल्या गिलाव्यावर रंगवतात तेच खरं भित्तिलेपचित्रण, अजिंठ्याचं काम सुक्या गिलाव्यावरचं आहे, हे कळल्यावर मी सरांच्या वहीतली आणखी एक ओळ खोडली. हे शब्द हाताशी नसले तर फोनमधल्या भाषांतरावर अवलंबून राहावं लागतं, आणि त्याने मला 'स्टिल लाइफ'चं 'तरीही जीवन' करून दिलं. इंटरमिजिएट ग्रेड परीक्षेला 'तरीही जीवन' काढा म्हटलं तर पोरं काय काढतील, देव जाणे. येशूला घेऊन मेरी-जोसेफ इजिप्तला पळून जातात त्या चित्राचं झालं 'इजिप्तला उड्डाण'. महाराष्ट्रातल्या चित्रकार-शिल्पकारांसाठी 'महाराष्ट्र नायक' ही साइट बघावी. धुरंधरांसारख्या जे. जे.च्या मंडळींची चरित्रं तिथे मराठीत आहेत. चित्रं कमी, पण माणसं कळतात.

आता वर्गाच्या मागच्या भिंतीवर सहा चित्रं लागली आहेत, रंगीत, ए-थ्री, स्टँडजवळच्या डिजिटल प्रिंटवाल्याकडून तीस रुपयांना एक. प्रत्येकाखाली मी स्केचपेनने माप लिहिलंय. हिरव्या झग्यावाल्या बाईखाली त्या नववीतल्या मुलीने स्वतःच लिहिलंय, "झगा हिरवा. बाई चुकल्या होत्या." मी ते पुसलेलं नाही.

एक गोष्ट मात्र कुठल्याच साइटवर मनासारखी मिळाली नाही. पॉम्पेईत १९३८ मध्ये एक हस्तिदंती बाई सापडली, भारतात घडवलेली, वीतभर उंचीची. लोक तिला पॉम्पेईची लक्ष्मी म्हणतात. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गेलेली, आज नेपल्सच्या संग्रहालयात आहे. तिचे फोटो हवे तेवढे आहेत, पुढून, मागून, डोक्यावरून. तिच्यासारखीच एक हस्तिदंती बाई आमच्या शेजारच्या तेरला सापडली आहे. तेर म्हणजे जुनं तगर, तिथून माल रोमपर्यंत जायचा. तिचा एकही धड फोटो मला ऑनलाइन मिळाला नाही. इटलीतली बाई मला पाठीवरच्या वेणीसकट माहीत आहे आणि एसटीने जाऊन येण्याजोगी तेरची नाही. दिवाळीच्या सुट्टीत तेरच्या लामतुरे संग्रहालयात जायचं ठरवलंय, त्या मुलीला आणि तिच्या दादाच्या मोबाईलला बरोबर घेऊन. फूटपट्टी आत नेऊ देतात का, ते विचारायला हवं.